बंद तोंडाची जांभई

माझी बहीण एकच, पण तिचा नवरा मात्र अख्ख्या यार्डाचा दाजी. कंपनीत लागलो त्या पहिल्याच दिवशी मी सगळ्यांदेखत "दाजी, माझा डबा तुमच्या गाडीत राहिला" असं ओरडलो आणि तेव्हापासून मॅनेजरपासून डिझेल भरणाऱ्यापर्यंत सगळे त्यांना दाजीच म्हणायला लागले. "दोनशे मेव्हणे गळ्यात बांधलेस माझ्या," असं ते मला अजून सुनावतात.

दाजी एकतीस वर्षं ट्रक चालवतात. त्यांचा खिडकीकडचा हात कोपरापर्यंत काळा आणि दुसरा गोरा, जणू दोन माणसांचे हात उसने आणले आहेत. सीटवर घडी घातलेला टॉवेल, आरसे स्वतःच्या हाताने पुसलेले, आणि एकतीस वर्षांत कुणाच्या गाडीला साधा ओरखडा नाही. बोलणं कमी. पण वाट बघायच्या लाइनमध्ये ड्रायव्हरांचा वाद पेटला की शेवटी सगळे त्यांच्याच तोंडाकडे बघत.

ही लाइन म्हणजे मोठ्या गोदामाबाहेरची ट्रकची रांग. अर्ध्या-पाऊण तासाने एक गाडी आत जाणार आणि बाकीच्या एकेक घर पुढे सरकणार. सरकायला उशीर झाला की गेटवाला नंबर कापून शेवटी पाठवतो. म्हणून आमच्यात एक रीत आहे: आपण पुढे सरकलो की मागच्याला जागं करायला दोन छोटे हॉर्न द्यायचे. यात कुणी चुकत नाही. भांडण झालेल्या माणसालासुद्धा हॉर्न देतात.

आणि वाद म्हणाल तर रोजचाच. आमच्यात एकजण आहे, बोलायला लागला की कुणाला आवरत नाही, त्याला आम्ही वकील म्हणतो. तो बॉनेटला टेकून सुरू व्हायचा, "कंपनी पैसे कशाचे देते? चाक फिरल्याचे. इथे अकरा तास बसलो, चाक फिरलं नाही, म्हणजे आपण जन्मालाच आलो नाही! बडा घर पोकळ वासा, दुसरं काय."

"छोट्या मालकाकडे काय सोनं पिकत होतं?" मी म्हणायचो. "पगार मागितला की त्याची आई आजारी पडायची. वर्षातून बारा वेळा."

मग दाजी सावकाश बोलायचे. "इथे पगार तारखेला येतो. तिथे मालक निदान विचारायचा, जेवलास का. दोन्ही एका जागी मला तरी मिळालं नाही बाबा."

नव्या गाड्यांत कॅमेरा आला तेव्हा तर वादाला ऊतच आला. समोरच्या काचेपाशी बसवलेला तो डबा ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघतो. तासात तीन जांभया दिसल्या की ठणाणा वाजतो, मग गाडी बाजूला घेऊन वीस मिनिटं थांबायचं. कल्पना वाईट नव्हती, उगाच खोटं कशाला बोलू. पण थांबलो की गोदामाची वेळ चुकायची, वेळ चुकली की पुन्हा लाइनच्या शेपटाला, आणि वर महिन्याचा बोनस गेला. झोप येणं हा गुन्हाच होऊन बसला.

यावरचा तोडगा दाजींनी काढला. जीभ टाळूला, दात दातांवर, ओठ मिटलेले, श्वास हळूहळू नाकातून. कानांत जरा दडे बसतात आणि डोळ्यांत पाणी येतं, तर त्या वेळी आरशाकडे बघायचं. झाली जांभई, कॅमेऱ्याच्या बापाला पत्ता नाही. लाइनमध्ये खुर्ची टाकून त्यांनी एकेकाला शिकवलं. आठ-दहा बाप्ये दातांवर दात धरून नाकाने फुसफुसत बसलेले बघून मी हसून हसून बेजार झालो होतो. वकील म्हणाला, "तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच." पण शिकला तोही.

सगळ्यांत पटकन शिकला तो नवरदेव. लग्नानंतर चौथ्या दिवशी कामावर हजर झाला म्हणून हे नाव. आता त्याला दोन मुली आहेत, डोक्यावर टक्कल आहे, तरी नवरदेवच.

दाजींना तर ती सवयच लागली. घरीही तोंड उघडत नसत. ताईची नजर दोन वर्षांपासून अधू होत चालली आहे, समोरचा माणूस तिला धुरकट दिसतो, चेहरा कळत नाही. पण दाजी बाजूला बसले आणि नाकातून बारीक शिट्टीसारखा आवाज आला की ती म्हणायची, "दमलात ना? मग तोंड उघडून द्या की जांभई. इथे कोण बोनस कापतंय?"

मागच्या हिवाळ्यात ताईचा हात गॅसवर भाजला. ज्योत तिला दिसलीच नाही. त्या दिवशी दाजी चौदाशे किलोमीटरवर होते. परत आल्यावर त्यांनी शहरातली फेरी मागितली. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. पैसे कमी, पण संध्याकाळी घरी. कंपनीने मान्य केलं, पत्र तयार होतं, फक्त हातात पडायचं बाकी होतं. ताईने तेवढ्यात त्यांची जेवायची जागा ठरवूनही टाकली होती, खिडकीपाशी.

आणि त्याच आठवड्यात नवरदेवाचा ट्रक भर दुपारी, सरळ रस्त्यावर, पुलाच्या कठड्याला जाऊन धडकला. जीव वाचला, दोन्ही पाय मोडले.

चौकशीला साक्षीदार म्हणून दाजींना आणि मला बोलावलं. अपघाताआधी लाइनमध्ये नवरदेवाच्या पुढे दाजींची गाडी होती, मागे माझी. सेफ्टीच्या मॅडमनी फाइल उघडली. बाई वाईट नव्हती, कागदावर होतं ते वाचत होती. लाइनमधले अकरा तास गाडी उभी, म्हणजे विश्रांती. त्यानंतर तीन तास चालवलं, त्यात जांभई एकही नाही. म्हणजे ड्रायव्हर ताजातवाना होता. म्हणजे निष्काळजीपणा. म्हणजे नोकरी नाही आणि दवाखान्याचा खर्चही नाही. आम्ही फक्त सही करायची, की हो, लाइनमध्ये त्याला विश्रांती मिळाली होती.

मी सही केली. लपवण्यात काय अर्थ आहे? आदल्या दिवशी दाजींनाही मी हेच सांगितलं होतं. "दाजी, ताईकडे बघा. पत्र दोन दिवसांवर आलंय. खोटं कुठे आहे, गाडी उभीच होती ना?" ताई आतून ऐकत होती. ती बाहेर येऊन म्हणाली, "माझ्या डोळ्यांचं निमित्त करू नका कुणी. मला कमी दिसतं, कमी समजत नाही." मी तेव्हा तिच्यावर चिडलो होतो.

दाजींनी पेन हातात घेतलं, कागद वाचला आणि पेन परत ठेवलं.

"मॅडम, त्या अकरा तासांत लाइन एकोणीस वेळा सरकली," ते म्हणाले. "एकोणीस वेळा मी त्याला हॉर्न दिला. त्याला एकदाही अर्ध्या-पाऊण तासाच्या वर झोपू दिलं नाही. तो झोपला नाही, कारण मी उठवत होतो."

"पण कॅमेऱ्यात एकही जांभई नाही, काका."

"तेही माझंच काम."

मॅडमना कळेना. मी टेबलाखालून दाजींच्या पायाला पाय लावला. त्यांनी पाय बाजूला घेतला.

"मी या खोलीत आल्यापासून किती जांभया दिल्या?"

"एकही नाही."

"पाच दिल्या. तुमच्या तोंडाकडे बघून." मग त्यांनी सहावी दिली. ओठ मिटलेले, गालाचं हाड जरासं हललं, डोळ्यांत पाणी तरळलं. मॅडम पुढे वाकून बघत राहिल्या. "ही मी शोधली. त्याला मी शिकवली. सगळ्यांना मीच शिकवली. तो डबा त्याला वेळेवर थांबवणार होता, मी थांबवू दिलं नाही. पाय त्याचे मोडले, चूक अर्धी माझी आहे. उरलेली अर्धी कुणाची, ते तुम्ही ठरवा."

बोलता बोलता त्यांचा आवाज फाटला. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मॅडमनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्हीसुद्धा असंच करता?" समोर माझी सही अजून ओली होती. मी पेनाला टोपण लावलं.

बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर भडकलो. "हात दाखवून अवलक्षण! कुणी विचारलं होतं तुम्हाला?"

"तो माझ्या मागे होता रे," ते एवढंच म्हणाले.

नवरदेवावरचा ठपका निघाला, खर्च कंपनीने दिला. लाइनचे तास आता विश्रांतीत धरत नाहीत. पैसे अजूनही देत नाहीत, त्यावर वकील रोज बोलतोच. नवा कॅमेरा आलाय, तो पापण्या मोजतो. त्यावरही काहीतरी युक्ती काढा म्हणून काहीजण दाजींच्या मागे लागले होते. दाजी म्हणाले, झोप आली तर गाडी बाजूला घ्या, दुसरी युक्ती नाही.

दाजींना शिक्षा अशी लेखी काहीच झाली नाही. फक्त ते पत्र आलं नाही. शहरातली फेरी ज्येष्ठतेने त्यांच्यानंतरच्या माणसाला मिळाली. तो माणूस मी. साहेब पत्र देताना म्हणाले, तुम्ही समजूतदार आहात. मी ती फेरी घेतली. ताईकडे बघायला कुणीतरी हवंच ना, असं मी सगळ्यांना सांगतो.

रोज संध्याकाळी मी ताईकडे जातो, खिडकीपाशी बसून जेवतो. ठरलेल्या वेळी दाजींचा फोन येतो, कुठल्या तरी लाइनमधून. ती जेवलात का विचारते, पाऊसपाणी विचारते आणि मग म्हणते, "द्या बघू." पलीकडून दाजी जांभई देतात, मोठी, आ वासून, खोलीभर ऐकू येईल अशी. ताई फोन कानाशी घट्ट धरून ती शेवटपर्यंत ऐकते. "आता पडा जरा," म्हणते आणि फोन ठेवते.

जांभई ऐकूनही लागते. मलाही येते. ताईला माझा चेहरा दिसत नाही, समोर कॅमेरा नाही, बोनस कापणारं कुणी नाही. तरी त्या जागेवर बसून मला तोंड उघडवत नाही. मी जीभ टाळूला लावतो, दातांवर दात धरतो, आणि ताई माझ्या दिशेला तोंड करून म्हणते, "ऐकू येतं मला."