तांबड्या थरावर अनवाणी

अण्णा, म्हणजे माझे वडील, विहिरी खोदायचे. दगडमाती वर ओढायची यारी आणि चार गडी घेऊन कडा गावाकडच्या शिवारात महिना महिना मुक्काम ठोकायचे. मी त्यांची थोरली लेक, डी.एड. करून जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलेली. घराण्यातली पहिली सरकारी नोकरी. मग काय विचारता, डोक्यात लई हवा गेलती.

नोकरी लागली त्या उन्हाळ्यात आमच्याच रानात विहीर चालली होती. चाळीसेक फुटांवर काळा पाषाण संपला आणि खाली हातभर जाडीचा, विटेच्या रंगाचा थर लागला. मी डबा घेऊन गेले तर अण्णांनी खालून हाक मारली, बघून जा म्हणाले. खोदत्या विहिरीत बाईमाणसानं उतरू नये असं आमच्याकडे मानतात. गडी एकमेकांकडं बघायला लागले. अण्णांनी कुणाचं ऐकलं नाही, यारीच्या बादलीत बसवून मला खाली घेतलं.

खाली बघते तर अण्णा अनवाणी. चपला काढून दगडाच्या कपारीत ठेवलेल्या. तांबडा थर लागला की आमचा मालक चपला काढतो, हर विहिरीत, असं एका गड्यानं सांगितलं. मी कारण विचारलं.

"माय, हितं कवातरी ऊन पडलेलं हाय," अण्णा म्हणाले. "ही जमीन होती. वरचा दगड मागून आलाय."

त्यांचं म्हणणं असं, की घाटावर खोदा नाहीतर घाटाखाली, काळ्या दगडात मधेच तांबडं निघतंच. म्हणजे दगड एका दमात आलेला नाही. एकदा आला, थंड झाला, त्याची माती व्हायला निवांत वेळ मिळाला, मग परत वर दगड आला. आणि आपला डोंगरही खालून वर आलेला नाही, आजूबाजूचं वाहून गेलं म्हणून तो उरला. चाळीस वर्षं जमिनीच्या पोटात काढलेल्या माणसानं हे सगळं मला विचारत विचारत सांगितलं. बरोबर हाय का, एवढंच त्यांना पाहिजे होतं. शिकलेल्या लेकीनं गड्यांदेखत एकदा हो म्हणावं.

मी हसले. हसले ते हसले, वर धडाही दिला.

"अण्णा, माती फक्त वर असते. आणि डोंगर जमिनीला घड्या पडून होतात, पुस्तकात आहे. चपला घाला, पायाला लागंल."

गडी फिसकन हसले. अण्णांनी वाकून कपारीतनं चपला घेतल्या आणि घातल्या.

त्यानंतर त्यांनी बऱ्याच विहिरी खोदल्या. तांबडा थर लागला तरी मालकानं परत कधी चपला काढल्या नाहीत, हे मला त्याच गड्यानं सांगितलं, अण्णांच्या दहाव्याला.

मी विहिरीत हसले त्याच्या पुढच्याच वर्षी, अण्णा अजून खोदत होते तेव्हा, बीडला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. भूगोलाच्या तासाला पडद्यावर एक फोटो आला: वर काळा कातळ, खाली काळा कातळ, मधे तांबडा पट्टा. आपल्याकडं ज्वालामुखी टोकदार डोंगरातनं उडाला नाही, जमिनीच्या भेगांतनं लाव्हा पसरत गेला, शिकवणारे सर म्हणाले. दोन लोटांच्या मधे हजारो वर्षं जायची, तेवढ्यात आधीच्या लोटाच्या दगडाची माती व्हायची. बालाघाट म्हणजे झिजून उरलेले तेच थर. शेजारची बाई भराभर लिहून घेत होती. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. शब्दन् शब्द अण्णांचा होता.

घरी आले ती अण्णांकडं न जाता थेट विहिरीवर गेले. पण बघणार काय, कपाळ? विहीर ढासळू नये म्हणून मीच माझ्या पगारातनं आतनं सिमेंटचं कडं बांधून घेतलेलं. थर कुठं दिसंना. आता रोज शाळेला जाताना मांजरसुंब्याच्या घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथं तो तांबडा पट्टा दिसतो. गाडीत जागा मिळाली तर मी दुसऱ्या बाजूला बसते.

परवा सातवीला डोंगर कसे होतात ते शिकवत होते. घड्यांचे पर्वत झाले, मग फळ्यावर आपला डोंगर काढला, काळ्या थरांमधे तांबड्या खडूचा पट्टा ओढला आणि म्हणाले, इथं एके काळी ऊन पडत होतं. पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "बाई, हे तुमाला कुणी सांगितलं?"

सांगायला काय लागत होतं? माझ्या वडलांनी, विहीर खोदताना. एवढंच. पण वीस वर्षांची खोड, अण्णांचं नाव घ्यायला जीभच रेटली नाही.

"पुस्तकात आहे," मी म्हणाले.

तिनं दप्तरातनं भूगोल काढला आणि पान पान उलटून शोधायला लागली.