मुठीत बत्तासा

भरतीच्या पार्टीवर माझं नाव निघालं तेव्हा मी नाईक होतो. महाराष्ट्र राज्य होऊन काही वर्षंच झाली होती आणि सीमेवरच्या बातम्या अशा होत्या की फौजेला जवान हवे होते. पोस्टिंग होतं बुलढाणा. मी देऊळगाव राजाचा. आपल्याच जिल्ह्यात कडक वर्दीत, गळ्यात शिट्टी अडकवून फिरायला मिळणार, या आनंदात मी त्या दिवशी लंगरमध्ये दोन रोट्या जास्त खाल्ल्या.

पार्टी लहान होती. सुभेदारसाहेब साताऱ्याकडचे. त्यांना हळू बोलताना मी कधी ऐकलं नाही. डॉक्टर कॅप्टनसाहेब पुण्याचे, तरुण, आमच्या वऱ्हाडी बोलीची गंमत वाटणारे. धावण्याची टेस्ट आणि बीम माझ्याकडे होतं. बीम म्हणजे दोन खांबांवर बसवलेला आडवा लोखंडी बार. पोरांनी मैदानाला चार फेऱ्या मारायच्या, म्हणजे एक मैल, आणि लगेच त्या बारला लटकून हनुवटी वर न्यायची. सहा वेळा. फौजेत दम खायला कोणी वेळ देत नाही.

पहिल्या दिवशी एका तुकडीत एक काळासावळा, काटक पोरगा असा सुटला की मी शिट्टी तोंडातच विसरलो. पळण्याची तऱ्हा विचित्र. खांदे कानांना टेकलेले, कोपरं बरगड्यांना चिकटलेली, मुठी गच्च. पण पाय! बाकीचे शेवटच्या वळणावर होते तेव्हा हा पोचून उभा होता. "शाब्बास! बीम!" मी ओरडलो.

त्याने उडी मारून बार धरला, आणि लगेच बोटं सुटली. धपकन खाली. उठला, पुन्हा उडी, पुन्हा खाली. पोरं हसायला लागली.

"नेक्स्ट!" सुभेदारसाहेब गरजले.

मी त्याला बाजूला घेतलं. त्याचं नाव किसन, गाव दुसरबीड.

"हाताले काय झालं बे?"

"मुंग्या येतात साहेब. पयले बोटायले, मंग खांद्यापावतर. मंग हात हाय का नाही तेच समजत नाही. पळणं थांबलं का थोड्या येळानं जिते होतात."

"कधीपासून?"

"लय दिवस झाले. मागच्या साली खामगावच्या भरतीलेबी असाच पडलो." तो खाली बघत म्हणाला, "तवापासून गावात बोलून राह्यले का मले महारोग हाय. आमच्या वट्ट्यावर कोणी बसत नाही. ज्याचे बैल मी शंकरपटाले तयार करत होतो त्यानं जोडी काढून घेतली. औंदाबी फेल झालो तं मी घरी कसा जाऊ साहेब?"

शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलजोड्यांची शर्यत. पटाची जोडी हातून जाणं म्हणजे गावात पत जाणं. मी त्याला सरळ डॉक्टरसाहेबांपुढे उभा केला.

कॅप्टनसाहेबांनी त्याचा सदरा काढायला लावला, अंगावर कुठे चट्टा आहे का पाहिलं. मग डोळे मिटायला सांगून टाचणी टोचत गेले. "इथं. इथं. इथंबी," किसन सांगत होता. एकदाही चुकला नाही.

"याला महारोग नाही," साहेब म्हणाले. "असता तरी आता त्याला औषध आहे, हे या लोकांना कोणीतरी सांगा." किसनच्या चेहऱ्यावर एकदम ऊन पडलं. पण साहेबांचं संपलं नव्हतं. "पळताना ज्याचे हात बधिर होतात तो रायफल कशी धरणार? उद्या शेवटच्या तुकडीत पुन्हा पळेल. हात चालले तर फिट. नाहीतर अनफिट, आणि कारण मला लिहावं लागेल."

ते कारण दुसरबीडला पोचलं की गाव त्याचा काय अर्थ लावणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"नाईक," जाता जाता साहेबांनी मला थांबवलं. "बसल्यावर हात ठीक, चालताना ठीक. पळतानाच हा काय वेगळं करतो ते बघ."

दुपारी मैदान मोकळं झाल्यावर मी त्याला पळवला. "मूठ सोड!" सोडली. दहा पावलं गेला नाही तर पुन्हा गच्च. पुन्हा ओरडलो, पुन्हा तेच. माझं डोकं फिरलं.

"काऊन बे? मूठ काऊन आवळतो?"

"मले समजतच नाही साहेब, कवा आवळली ते."

मग मी त्याच्या मागून पळालो. मागून बघितलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तसं पळणारी माणसं मी लहानपणापासून पाहिली होती.

"किसन, जोडीच्या मागं पळताना कासरा कसा धरतो? दाखव."

त्याने हवेतच बैलांचा दोर दोन्ही तळव्यांना दोन-दोन वेढे देऊन आवळला. खांदे वर, कोपरं आत. हुबेहूब तेच.

"अन् सुटला तं?"

"कासरा सुटला तं बैल गेले साहेब! बाप म्हणे, फरफटत जाय, पण सोडू नको."

"अरे, पण इथं बैल कुठं हायेत?"

तो मैदानाकडे बघत राहिला. मग दोघंही असे हसलो की पोटात कळा आल्या. कॅप्टनसाहेबांना जाऊन सांगितलं तर तेही खुर्चीतून उठले. "बरोबर! खांदे वर, मुठी आवळलेल्या, मैलभर. नसा दबणार नाहीत तर काय? सोडव त्याचा कासरा!"

म्हणणं सोपं होतं. मूठ उघडी ठेव म्हटलं की तो बोटं फळीसारखी ताठ करायचा आणि खांदे पुन्हा वर. इतक्या वर्षांची सवय एका दुपारी जाते थोडीच? शेवटी मी बसस्टँडजवळच्या दुकानातून पुडाभर बत्तासे आणले आणि त्याच्या एकेका हातात एकेक ठेवला.

"पळ. फुटला नाही पाहिजे, अन् पडलाबी नाही पाहिजे."

पहिल्या वळणावरच दोन्हींचा चुरा. दुसऱ्या खेपेला उजवा फुटला, तिसऱ्या खेपेला डावा. तळहात साखरेने चिकट झाले. "हाताले मुंग्या येतात म्हणत होता ना? आता खऱ्याच येतील," मी म्हणालो. तो हसला, आणि हसताना त्याचे खांदे आपोआप खाली आले. ते मी ध्यानात ठेवलं. दिवस मावळायच्या सुमारास त्याने एक अख्खी फेरी बत्तासे शाबूत ठेवून मारली. मी शिट्टी फुंकून फुंकून मैदान डोक्यावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानाभोवती ही गर्दी. दुसरबीडची दोन-चार माणसंही आली होती, तमाशा बघायला. सुभेदारसाहेबांनी रेषेवर उभ्या किसनच्या हातात बत्तासे पाहिले.

"आरं, पास व्हायच्या आधीच वाटायला निघालास का?"

"नाही साहेब!"

"मी हे लाल निशाण खाली टाकलं की खेळ खलास. त्याच्या मागं राहील तो घरी जाईल. समजलं?"

शिट्टी झाली. तुकडी सुटली. हात सैल ठेवून पळणं किसनला नवीन होतं, आणि त्याचा वेग गेला. पहिल्या फेरीत तो मधोमध होता, दुसरीत त्याच्याही मागे. तिसरीत शेवटून चौथा. हात वाचवायला गेलो आणि याचे पायच घालवले की काय!

चौथी फेरी. सुभेदारसाहेबांनी निशाण वर धरलं. किसनने ते पाहिलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याचे खांदे वर चढायला लागले. डाव्या मुठीतून पांढरा चुरा गळला. मी मैदानाच्या कडेने त्याच्याबरोबर पळत सुटलो. नाईकाने असं करायचं नसतं.

"किसन! बैल गेले बे! जाऊ दे बैलायले!"

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पळता पळता खो खो हसला. खांदे खाली आले. हात सुटे झाले. आणि मग ते कालचे पाय आले! एक मागे पडला, दोन मागे पडले, चौघं मागे पडले. गर्दी पटावर असल्यासारखी ओरडत होती, "हाव! हाव! हाव!" त्याची छाती रेषेपलीकडे गेली आणि निशाण खाली आलं.

"बीम!" मी ओरडलो. माझा आवाज फाटला होता.

त्याने उडी मारली. बोटांनी बार धरला. सुटली नाहीत. एक. दोन. गर्दी मोजायला लागली. दुसरबीडची माणसंही मोजत होती. पाच. सहा. हा थांबेचना. सात. आठ.

"बस कर लेका, उतर खाली! बार उपटून नेशील!" सुभेदारसाहेब हसत होते. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

कॅप्टनसाहेब टाचणी घेऊन तयारच होते. "टोचतंय?"

"हाव साहेब! लय टोचतंय! आणखी टोचा!"

टाचणी टोचल्यावर इतका खूष झालेला माणूस मी आजवर पाहिला नाही. साहेबांनी कागदावर फिट लिहिलं. उरलेले बत्तासे सगळ्या पार्टीने खाल्ले.

ट्रेनिंगनंतर किसन माझ्याच रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीत गेला. त्याचे पाय पाहून कंपनी कमांडरांनी त्याला रनर केलं. वायरलेस बंद पडला, टेलिफोनची लाइन तुटली, की निरोप घेऊन पळायचं, हे रनरचं काम. पुढच्या लढाईत त्याची कंपनी पश्चिमेच्या सीमेवर होती. तिथं काय झालं ते त्याच्या कंपनीतल्या एका हवालदाराने मला सांगितलं. सकाळच्या गोळाबारीत लाइन तुटली. पुढची प्लाटून घेरली जात होती आणि तिला मागे येण्याचा हुकूम पोचवायचा होता. उघड्या रानातून किसन पळत गेला. हुकूम पोचला. प्लाटून निघाली. परत येताना गोळा पडला.

"अख्खी प्लाटून आली," हवालदार म्हणाला. "किसन नाही आला."

सुट्टी मिळाल्यावर मी दुसरबीडला गेलो. त्याची माय वट्ट्यावर तूर पाखडत होती. मी नाव सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं.

"तुमीच का ते? बैल जाऊ दे म्हणणारे?"

"हो माय."

तिने पाण्याचा तांब्या आणून दिला आणि मी पिईपर्यंत उभी राहिली.

"तार आली तवा सारं गाव आलं भाऊ. भरतीच्या आंधी जे वरीसभर फिरकले नव्हते तेबी आले. आंगणात पाय ठेवाले जागा नव्हती. साऱ्यायले पाणी देता देता माहे हात भरून आले." तिने रिकामा तांब्या माझ्या हातातून घेतला. "तो असता तं त्यानं देल्लं असतं पाणी. लय मानसं आलेली आवडत त्याले."

त्याला भरती केल्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. तो गेल्याचं वाटतं, आजही. मी उठलो, टोपी सरळ केली आणि त्या माउलीला सॅल्यूट केला. दुसरं काही मला येत नव्हतं.