अहवालात लिहिलेलं शून्य

मैत्रिणींनो, आज दुपारी मी एक शून्य लिहिलं आणि तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीत आहे मी. लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीतही आहे. वर्षभरात किती तक्रारी आल्या, हे कंपनीला वार्षिक अहवालात सांगावं लागतं. साहेब म्हणाले, "मागच्यासारखं शून्य टाका." मी टाकलं.

मग सहज नियम वाचला. बाईला लिहिता येत नसेल, तर समितीनंच तिला तक्रार लिहायला मदत करायची असते.

दिवाळीआधी रोजंदारीवर बियाणं निवडणारी एक बाई माझ्या टेबलापाशी आली होती. सुपरवायझर काय करतो, ते तिनं खाली मान घालून सगळं सांगितलं. मी म्हणाले, "लेखी आणा."

"मी सांगून राह्यले ना मॅडम. मला लिहिता येत न्हाई."

"मग कुणाकडून तरी लिहून आणा," म्हणत मी डबा उघडला. पेन माझ्याच हातात होतं तेव्हा! दुसऱ्या दिवसापासून ती कामावर आलीच नाही. सुपरवायझर मात्र रोज नमस्कार करतो.

अहवाल उद्या जाणार. शून्य खोडून एक लिहीन, साहेबांना काय म्हणायचं ते म्हणू देत. पण त्या एकीला शोधू कुठं? मी तर तिचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.