निवृत्तीच्या नावावरची फुंक

निवृत्ती गेल्याचा फोन आला तेव्हा मी निमगाव केतकीच्या बाजारात भाजी घेत होतो. रडू नंतर आलं. महिन्याभरात ते आटलं, आणि त्याच्या जागी राग येऊन बसलाय, म्हणून लिहितोय.

आम्ही दोघं निरवांगीचे. विहिरीत सूर मारला की मी अर्ध्यातून वर यायचो आणि हा पठ्ठ्या तळाची माती मुठीत घेऊन यायचा. पुढं बारामतीकडच्या एका ओतकामाच्या कारखान्यात दोघंही कंत्राटावर लागलो. मी कॅन्टीनला, तो वाळूचा मारा करून लोखंडी भाग साफ करायच्या खात्यात. ती धूळ छातीत बसते, म्हणून वर्षातून एकदा तपासणीची गाडी यायची. नळीत जीव खाऊन फुंकायचं. दम कमी भरला तर माणसाला त्या खात्यातून हलवायचं, असा नियम. पण कंत्राटी माणसाला हलवायचं म्हणजे गेटबाहेर, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळं आमच्यात रीतच पडली होती... ज्याचा दम चांगला, त्यानं दुसऱ्याच्या नावावर फुंकायचं.

चार वर्षांपूर्वी निवृत्ती म्हणाला, "सोपाना, सर्दी झालीया. येवढ्या टायमाला तू फुंक." मी फुंकलं. मैत्रीत एवढं काय! पुढच्या वर्षी पुन्हा सर्दी. खोकला विडीवर ढकलायचा. नावं पुकारणारा सुपरवायझर रोज माझ्या हातचा चहा पिणारा, पण निवृत्ती म्हणून मी पुढं झालो की वहीत मान घालायचा. डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं त्यानं. आणि मी तरी कुठं विचारलं?

दहाव्यानंतर वहिनींनी पत्र्याच्या पेटीतला एक कागद दाखवला. छातीच्या डॉक्टरचा, मी पहिल्यांदा फुंकलं त्याच्या आधीचा. धुळीचं काम ताबडतोब सोडा, असं त्यात लिहिलेलं. म्हणजे सर्दी कधी नव्हतीच. सख्ख्या भावासारखा मी, आणि माझ्याच तोंडून त्यानं चार वर्षं खोटं वदवून घेतलं. अरे, सांगितलं असतंस तर कॉलर धरून घरी आणलं असतं तुला. तेच नको होतं त्याला, म्हणून बोलला नाही.

आता कारखाना म्हणतो, धुळीनं काही झालेलं नाही, दरवर्षीचे अहवाल उत्तम आहेत. वहिनींना एवढंच हवंय की माणूस कामानं गेला हे कुणीतरी कबूल करावं. शेवटी मी तोंड उघडलं. "वहिनी, त्या अहवालातली फुंक माझी हाय." त्यांनी डॉक्टरचा कागद पेटीतून काढून माझ्या हातात दिला. मग म्हणाल्या, "भावजी, ते साहेबापुढं सांगा."

काल सरकारी तपासनिसाला सगळं लिहून दिलं. कॅन्टीन सुटणार, सुटू दे. येताना वहिनींकडं गेलो. कॉटच्या डोक्याशी भिंतीवर तेलाचा हा एवढा डाग. आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून निवृत्ती भिंतीला डोकं टेकून बसूनच झोपायचा. पोरीनं चुना लावायला घेतला होता, वहिनींनी थांबवलं.

"साहेब येऊन बघू दे," त्या म्हणाल्या. "कागदावर तुमी हाय, भावजी. हितं त्ये हायेत."

मला कॉटवर बसवेना. खाली फरशीवर बसलो.