कंपेन्सेटर आणि शेजारचा कान

मीनू, सैन्यात हत्यारं दुरुस्त करून निवृत्त झालेले एक गृहस्थ साताऱ्यात आमच्या गल्लीत शिलाई मशिनी दुरुस्त करतात. बंदूक रिकामी असल्याचं दाखवायची जुनी सवय, म्हणून आधी सुई काढून आपल्या डोळ्यांसमोर धरतात, "खाली हाय, बघा" म्हणतात, आणि आपण मान हलवल्याशिवाय मशिनीला हात लावत नाहीत.

परवा ते घरी आले असताना तुझ्या दादाचा फोन आला. नेमबाजी स्पर्धेच्या कार्बाइनला, त्या आखूड बंदुकीला, नळीच्या तोंडाशी गॅस वर सोडून नळीची उसळी दाबणारा कंपेन्सेटर बसवू का, असं तो विचारत होता. मशीनवाले आलेत, त्यांना विचार, असं म्हणून मी आवाज मोठा करून फोन त्यांच्यापुढे धरला.

"गोळी पिस्तुलाची, वर खांद्याचा आधार. धक्का हाय कुठं?" ते म्हणाले. "गॅस थोडा, त्यो नळी काय दाबून धरणार? फरक पडंल, पर तीळभर. आवाज मातुर लय, आन् त्यो शेजारच्याच्या कानात."

दादा हसून इंग्रजीत म्हणाला, "आजी, शिलाई मशीनवाल्याला काय कळतंय?"

अधिकाऱ्यांच्या हाताखाली जन्म गेलेल्या माणसाला एवढं इंग्रजी कळतं. मी घाईने फोन बंद केला. त्यांनी खाली मान घालून स्क्रू आवळला.

जाताना दारात थांबले. "आवं बाई, सरावाला नातूसाहेबांच्या बाजूला कोण हुबं ऱ्हातंय?"

"त्याची धाकटी बहीण."

"मग तिला कळवा, लांब हुबी ऱ्हा म्हनावं. माझा डावा कान शेजारच्याच बंदुकीनं गेलाय. साहेबांस्नी सांगू नगा, त्ये न्हाई ऐकायचे."