काळजिभ्या शंभुलिंग

आमच्या लोहारा गावात शंभुलिंगला काळजिभ्या म्हणतात. त्याच्या तोंडावर म्हणायची हिंमत कुणात नाही. माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून, माझाच चहा पिऊन म्हणतात, आणि माझ्या डोक्यात तिडीक जाते. माझं स्पेअर पार्टचं दुकान त्याच्या वेल्डिंगच्या गॅरेजला लागून आहे. मधे फक्त एक पत्रा. त्यामुळे हा माणूस शिव्या कुणाला देतो आणि का देतो, हे मला त्याच्या घरच्यांपेक्षा जास्त ठाऊक आहे.

आमच्याकडे आतल्या गावांना जायचं तर ओढे उतरावे लागतात. तिथे चारही चाकांना जोर लागणारी जुनी जीपच चालते. मिलिटरीच्या लिलावातली, कुठल्या तरी खात्याने टाकून दिलेली, चार मालक बघून आलेली. अशी गाडी घेण्याआधी ज्याला थोडीफार अक्कल आहे तो शंभुलिंगला बोलावतो.

तो गेला की आधी विकणाऱ्याला गप्प करतो. विकणारा बोनेट उघडून इंजिन ऐकवायला लागतो, तर हा म्हणतो, "इंजिन ऱ्हाऊ द्या. इंजिन बदलता येतंय. मला हाडं दाखवा." मग पोतं अंथरून गाडीखाली शिरतो आणि छोट्या हातोडीने चेसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, ठोकत जातो. शाबूत लोखंड खणखणतं. सडलेलं नुसतं थप म्हणतं. खिशात फुटक्या स्पीकरमधलं लोहचुंबक असतं, फडक्यात गुंडाळलेलं. ते तो दारांवरून, पायफळीवरून फिरवतो. जिथे ते पत्र्याला चिकटत नाही तिथे आत भोक आहे आणि वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग मारलाय, हे पक्कं. पायाखालची चटई उचलून वास घेतो. गाडीतून शेळ्या वाहिल्या असतील तर मुताने पत्रा खाल्लेला असतो.

"लालसर गंजाला भिऊ नका," तो सांगतो. "बोटानं पुसला जातोय. पापुद्रं सुटत्यात तो गंज वाईट. आन् समद्यात वाईट म्हंजे खालून मारलेला नवा काळा रंग. म्हाताऱ्या गाडीला खालून रंग कशाला? कोण बगाया जातंय तिथं?"

सांगतो ते सगळं ओरडून. गोड बोलणं त्याला जमत नाही. आपल्याएवढं कुणाला कळत नाही असंही त्याला वाटतं, आणि ते तो लपवत नाही. माझ्याच दुकानातल्या मालाला माझ्याच गिऱ्हाइकासमोर नावं ठेवतो. आमचं महिन्यातून एकदा तरी कडाक्याचं भांडण होतं. पण लोखंडाबद्दल तो खोटं बोलल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही.

आता आमच्या लोकांची रीत ऐका. गाडी घरी आणायची ती पाडव्याला नाहीतर दसऱ्याला. दारात उभी केली की हार, हळदकुंकू, चाकापुढे नारळ. एकदा नारळ फुटला की ती गाडी घरची लक्ष्मी झाली, तिला वाईट बोलायचं नाही. इथवर माझं काही म्हणणं नाही. पण ही माणसं आधी पूजा करतात आणि मग, हळदकुंकवाने भरलेली गाडी घेऊन, शंभुलिंगकडे येतात. "जरा बघता का?" म्हणे. तो ठोकून सांगतो, चेसी सडलीय, परत करा. यांची तोंडं उतरतात. परत कशी करणार, नारळ फुटलाय. मग तशीच चालवतात, कधीतरी ती मोडते, आणि नाव कुणाचं? शंभुलिंगचं. तो बोलला म्हणून मोडली.

बिभीषणचं तर काय सांगावं. शंभुलिंगचा जुना दोस्त, जीपमधून सवाऱ्या न्यायचं वडाप चालवायचा. त्याला शंभुलिंगने हात जोडून सांगितलं होतं की मागच्या स्प्रिंगच्या पाट्यापाशी चेसी गेलीय, माणसं भरू नको. त्याने भरली. घाटाच्या वळणावर मागचा भाग खाली बसला आणि जीप कलंडली. नशिबाने कुणी मेलं नाही, बिभीषण मात्र पायाने अधू झाला. आज तोच स्टँडवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, "शंभ्या बोलला आन् माजी गाडी मोडली." हे ऐकलं की मला त्याची दुसरी तंगडी मोडावीशी वाटते. गंज वर्षानुवर्षं खातोय, रंगवाला झाकतोय, आणि दोष जिभेला.

हे सगळं शंभुलिंग सोसत होता. पण गेल्या दसऱ्याला ते त्याच्या लेकीच्या दारापर्यंत गेलं.

त्याची एकुलती लेक श्रीदेवी ओढ्यापलीकडच्या गावात दिलेली. जावई गौरीशंकर भला पोरगा आहे, पण घरात चालतं ते त्याच्या आईचं, शांताक्काचं. गावातून शाळेला यायला एसटी नाही. म्हणून गौरीशंकरने जीप घ्यायचं ठरवलं. गावातली पोरं रोज लोहाऱ्याच्या शाळेत न्यायची-आणायची, आणि त्यात सगळ्यात पुढे बसणार होती त्याचीच सहा वर्षांची समृद्धी, शंभुलिंगची नात.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी श्रीदेवीचा फोन आला. "अप्पा, जीप आणली. उद्या पूजा हाय, तुमी या."

"कुणी बघितली?" शंभुलिंगने विचारलं.

श्रीदेवी सासूला आत्या म्हणते. ती म्हणाली, "आत्या म्हनल्या, पूजा हुईस्तवर नको. आन् अप्पा, हातोडी आणू नका म्हनल्या."

त्याने फोन ठेवला आणि समोरच्या लोखंडी टेबलावर हातोडी अशी आपटली की माझ्या दुकानातल्या नटबोल्टच्या बरण्या हलल्या. अख्ख्या तालुक्याच्या गाड्या बघणाऱ्या माणसाला स्वतःच्या नातीची गाडी बघायची मनाई. मी म्हणालो, जाऊच नकोस. तो म्हणाला, "पोरगी बसनार हाय त्यात." सकाळी माझ्याच मोटारसायकलवर मागे बसून आला. पांढरा कोरा सदरा, कपाळाला विभूती, आणि हात रिकामे.

जीप दारात उभी होती. मिलिटरीचा हिरवा रंग, झेंडूच्या माळा, बोनेटवर आपट्याची पानं, चाकापुढे रांगोळी आणि एक दगड. समृद्धी पुढच्या सीटवर बसून हॉर्न वाजवत होती. "अज्जा, आमची जीप," ती ओरडली. शंभुलिंग हसला, पण त्याची नजर नंबरप्लेटवर होती. रत्नागिरीचा नंबर. मग त्याने वाकून खाली पाहिलं. सगळं काळंभोर, चकचकीत.

"खालून रंग कुणी दिला?" त्याने जावयाला विचारलं.

"विकनाऱ्यानंच दिला मामा. फुकट."

"फुकट," शंभुलिंग म्हणाला.

तो शांताक्काकडे वळला. मी त्याला इतक्या हळू आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "अक्का, गाडी कोकणातली हाय. खारं वारं खाऊन आलीय. नारळाच्या आदी एकदा ठोकून बगू द्या."

"आज न्हाय, पावणं," शांताक्का म्हणाली. "सनासुदीचं तुमी त्वांड उगडू नका. तुमी बोललं की व्हतंय, समदा तालुका सांगतोय. माजी नात बसनार हाय त्यात."

 शंभुलिंगची नात नव्हती का ती? मी पुढे झालो, तर त्याने मला हाताने मागे सारलं. श्रीदेवी आरतीचं ताट धरून उभी होती, मान खाली. तिच्या बापाचा अपमान चारचौघांत होत होता आणि तिला बोलायची सोय नव्हती.

"बरं," शंभुलिंग म्हणाला. "न्हाय बोलत."

शांताक्कालाही जरा वाईट वाटलं असावं. तिने ताटातला नारळ उचलून त्याच्या हातात दिला. "तुमीच फोडा. लेकीच्या बापाचा मान हाय."

त्याने नारळ घेतला आणि श्रीदेवीला खूण केली, तशी तिने समृद्धीला खाली उतरवून कडेवर घेतलं. शंभुलिंग चाकापुढच्या दगडाकडे गेला, तिथे थांबलाच नाही, आणि तसाच गाडीला वळसा घालून मागे आला. मागच्या चाकापाशी गुडघे टेकले, पाटा चेसीला जिथे अडकवलेला असतो ती जागा एका हाताने चाचपली, आणि दुसऱ्या हाताने नारळ सगळ्या ताकदीने तिथे हाणला.

आवाज आला तो थप असा. नारळ आत गेला. त्याने तो ओढून काढला आणि उभा राहून सगळ्यांना दाखवला. नारळ शाबूत होता. चेसीला भोक पडलं होतं आणि त्यातून लाल भुगा, पापुद्रे आणि लांबीची ढेकळं खाली गळत होती.

तो एक शब्दही बोलला नाही. बोलणार नाही म्हणाला होता, बोलला नाही.

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "बगा, हात लावला आन् फुटली." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ओरडलो, "अरे, नारळानं लोखंड फुटतंय का कुठं?" पण माझ्याकडे कुणी बघेना. शांताक्काचा चेहरा पांढरा पडला होता. ती म्हणाली, "दुसरा नारळ आणा."

दुसरा नारळ. भोक समोर दिसत होतं आणि हिला दुसरा नारळ हवा होता.

तेव्हा श्रीदेवीने समृद्धीला आजोबाजवळ दिलं, ताट ओट्यावर ठेवलं आणि ती घरात गेली. बाहेर आली ती खलबत्त्यातला लोखंडी बत्ता घेऊन. तो तिने सासूच्या हातात ठेवला.

"आत्या, आता तुमी ठोका," ती म्हणाली. "तुमची जीभ तर काळी न्हाय."

शांताक्का सुनेकडे बघत राहिली. मला वाटलं, ही आता बत्ता फेकून देणार. पण तिने पदर खोचला आणि पुढच्या चाकापाशी वाकून चेसीवर बत्ता मारला. ठण्. दोन हात मागे सरकून पुन्हा मारला. ठण्.  ती मागे सरकत गेली. मधे आली तेव्हा आवाज बदलला. तिने पुन्हा मारून बघितलं. थप. आणखी मागे मारला तेव्हा काळ्या रंगाचं ढलपं सुटून तिच्या पायावर पडलं.

तिने ते उचललं आणि चुरगाळलं. तळहातावर नुसती लाल माती झाली.  मग तिने शंभुलिंगच्या कडेवरच्या समृद्धीकडे बघितलं.

"पावणं," शांताक्का म्हणाली, "बोला."

शंभुलिंगने नातीला आईकडे दिलं. त्याचे डोळे लाल झाले होते आणि राग अजून उतरलेला नव्हता.

"पोतं द्या," तो म्हणाला, आणि त्या कोऱ्या पांढऱ्या सदऱ्यानिशी गाडीखाली शिरला.