एका नंबरावरची तीन माणसं

लातूरला त्या दिवशी मी खरं तर भांडायला गेले होते. सकाळी सहाच्या एसटीत बसल्यापासून मनात वाक्यं जुळवत होते. आमच्या संस्थेच्या दोन रक्तपेढ्या आहेत, एक नांदेडला आणि एक लातूरला. दोन्हीकडच्या रक्तदात्यांची मिळून एकच यादी आहे आणि त्या यादीची जबाबदारी माझ्यावर आहे. लातूरच्या काउंटरवरचे चाचा ही यादी उघडतच नाहीत, डोक्यात असेल त्यालाच फोन लावतात, अशी तक्रार माझ्या कानावर आली होती. तिचा एकदा सोक्षमोक्ष लावायचा होता.

माझ्या पदाला डेटा प्रॉडक्ट ओनर म्हणतात. आधी मी याच संस्थेच्या लॅबमध्ये होते, रक्तगट तपासायचे, तेव्हा सगळ्यांना सांगायला सोपं होतं. आता माझे वडील, जे निवृत्त शिक्षक आहेत आणि ज्यांना प्रत्येक गोष्ट फळ्यावर मांडून हवी असते, दर दिवाळीला विचारतात, "म्हणजे तू नेमकं करतेस काय?" मी प्रोग्राम लिहीत नाही, ते पुण्यातली कंपनी लिहिते. मी रक्तही काढत नाही. यादीत काय असावं, काय नसावं, 'उपलब्ध दाता' कोणाला म्हणायचं, कोणतं काम आधी करायचं आणि कोणाला सरळ नाही म्हणायचं, हे मी ठरवते. आणि यादी चुकली तर जाब मी द्यायचा. हे शेवटचं मी वडिलांना नेहमी घाईघाईत सांगायचे, कारण तोवर जाब देण्याची वेळ कधी आली नव्हती.

उलट माझी पाठ थोपटली गेली होती. दीड वर्षापूर्वी यादी माझ्या हाती आली तेव्हा तिची पार रया गेली होती. शिबिरात लोक नाव कसंही सांगतात. एकदा 'बाळू', पुढच्या वेळी आधारवरचं नाव, तिसऱ्यांदा नुसतं आडनाव. एकच माणूस तीन-तीनदा. काउंटरवरून त्याच माणसाला तीनदा फोन जायचा आणि तो वैतागून नंबर ब्लॉक करायचा. मला घाण दिसली की हात शिवशिवतात, हा माझा लहानपणापासूनचा रोग आहे. मी नियम केला: मोबाइल नंबर एक म्हणजे माणूस एक. त्या नंबरावरची सगळी नावं एकत्र करायची, शेवटचं रक्तदान ज्या नावावर असेल ते नाव ठेवायचं, बाकीची काढून टाकायची. यादी कशी लख्ख झाली! बैठकीत टाळ्या पडल्या. मी नांदेडच्या ऑफिसात पेढेसुद्धा वाटले.

त्यानंतरच्या एका बैठकीत चाचा फोनवरून म्हणाले होते, "मॅडम, लोकं कमी झाल्यावानी वाटून राहिले."

"कमी नाही झाले चाचा," मी म्हणाले होते, "खरे तेवढेच उरले."

या वाक्यावर मी दोन दिवस खूश होते. आज आठवलं की कान तापतात.

चाचांबद्दल सांगायला हवं. ते या रक्तपेढीत वीस-बावीस वर्षं आहेत. त्यांच्या घरी पिढीजात अत्तराचं दुकान होतं, ते भावांकडे गेलं आणि हे इथं आले. आवाज मऊ, दाढी मेंदीची, आणि कोणाला किती वाजता फोन केलेला चालतो हे त्यांना पाठ. अमका मास्तर मधल्या सुट्टीतच फोन घेतो, तमक्याची बायको उचलली तर आधी तिची ख्यालीखुशाली विचारायची. असल्या गोष्टींसाठी माझ्या यादीत रकाना नव्हता आणि तो ठेवावा असं मला कधी वाटलंही नव्हतं.

मी दहा वाजता पोचले. चहा येईपर्यंत थांबले आणि सुरुवात केली. यादी का उघडत नाही, आठवणीवर रक्तपेढी चालते का, उद्या तुम्ही रजेवर गेलात तर काय करायचं. शेवटचा प्रश्न बरोबर होता, अजूनही आहे. चाचा ऐकून घेत होते. माझं संपायच्या आत काउंटरवर एक माणूस हातात चिठ्ठी घेऊन उभा राहिला. उदगीरकडचा होता. शर्टाची बटणं एक घर चुकून लावलेली. लातुरातल्याच दवाखान्यात असलेल्या त्याच्या बायकोला नववा महिना, गर्भाशयातली वार खाली आलेली, पहाटेपासून थोडं थोडं रक्त जात होतं. रक्तगट ओ निगेटिव्ह. डॉक्टरांनी सांगितलं होतं की तीन पिशव्या हाताशी असल्याशिवाय ऑपरेशनच्या टेबलावर घेणार नाही, आणि संध्याकाळच्या पुढं थांबणंही जमणार नाही.

आमच्याकडं दोन होत्या. नांदेडला फोन केला, तिथं या गटाची एकही नव्हती. शहरातल्या दुसऱ्या पेढ्यांमध्येही विचारलं, तिथंही नाही. ओ निगेटिव्हला ओ निगेटिव्हच लागतं, दुसरं चालत नाही.

"बघू मॅडम," चाचा म्हणाले, "आता तुमचीच यादी उघडू."

त्यात टोमणा नव्हता, हे विशेष. मीच उघडली. लातूर जिल्हा, ओ निगेटिव्ह, आज रक्त देऊ शकणारे. दोन नावं आली. एकाचा फोन बंद. दुसरा पुण्याला नोकरीला गेलेला, फोनवर हळहळला बिचारा. संपली यादी. तो माणूस बाकावर बसून माझ्याकडं बघत होता, कारण संगणक माझ्यासमोर होता.

चाचा कपाळ चोळत होते. मग म्हणाले, "शिरूर अनंतपाळचं ते घर हाय की! तिघं बहीण-भाऊ. तिघंबी ओ निगेटिव्ह."

आपल्याकडं हल्ली बऱ्याच घरांत वर्षश्राद्धाला जेवणावळीबरोबर रक्तदान शिबिरही ठेवतात. त्या घरानं वडिलांच्या वर्षश्राद्धाला ठेवलं होतं. चाचांना ते आठवायला कारण होतं. त्या दिवशी तीन नळ्या लागोपाठ ओ निगेटिव्ह निघाल्या, तेव्हा नळ्यांची अदलाबदल झाली असणार असं समजून त्यांनी तिघांची बोटं पुन्हा टोचायला लावली होती. सख्खी भावंडं आहेत हे नंतर कळलं.

मी गावाच्या नावानं शोधलं. एकच नाव आलं, थोरल्या भावाचं. मागच्याच महिन्यात रक्त दिलेलं, म्हणून समोर 'अनुपलब्ध'. बाकी दोघं नव्हतेच.

"असं कसं?" चाचा म्हणाले. "तिघांचा नंबर एकच दिलता त्यांनी. थोरल्याचा. गावात तसंच देतेत मॅडम. घरात एक धड फोन असतो, पोरीबाळीचा नंबर कोन देतंय शिबिरात?"

मला समजायला क्षणभरही वेळ लागला नाही. आमच्या घरात माणसं चार आणि फोन पाच. नांदेडला बसून मी हा नियम लिहिला, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकल्या. शिवाय रक्तगट घराण्यातून येतो, म्हणजे दुर्मीळ गटाची भावंडं नेमकी एकाच घरात आणि एकाच नंबरावर असणार. लॅबमध्ये इतकी वर्षं काढलेल्या बाईला हे सुचायला हवं होतं. मी घाण म्हणून जे झाडून काढलं होतं त्यात जिवंत माणसं होती, आणि त्यांच्यापैकी एकाचं रक्त या घडीला हवं होतं.

"चाचा, ही माझी चूक आहे," मी म्हणाले.

"ते नंतर बघू," चाचा म्हणाले आणि फोन लावला.

तिसऱ्यांदा उचलला. थोरला भाऊ. चाचांनी आधी आईची तब्येत विचारली, मी शेजारी बसून ओठ चावत होते. मग काम सांगितलं. तो म्हणाला, "मी तर मागल्याच महिन्यात दिलंय चाचा. धाकटा हैदराबादला हाय कामाला." आणि मग, "बहीण हाय की घरी. घेऊन येऊ का?"

"लगेच निघा," मी मध्येच ओरडले.

साडेबाराला ते मोटरसायकलवरून आले. बहीण वीस-बावीसची, तोंडाला ओढणी बांधलेली, सडसडीत. आधी वजन केलं. सत्तेचाळीस; पंचेचाळीसच्या वर असलं की चालतं. मग तिच्या बोटाचा थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडला. थेंब खाली गेला तर रक्त पुरेसं, वर तरंगला तर परत पाठवायचं. लॅबमध्ये मी हे हजारदा केलं असेल. तो थेंब जरा घुटमळला आणि सरळ तळाला गेला. माझा जीव भांड्यात पडला.

पण तिचा पडला नव्हता. कॉटवर झोपल्यावर ती तंत्रज्ञाला पुन्हा पुन्हा विचारत होती, "नीट तपासताल ना? दुसरं बी सगळं तपासताल ना?" भाऊ हसला, म्हणाला, "सुईला भेत्याय." पिशवी भरली, तिला चहा-बिस्किटं दिली, चाचा म्हणाले आता जावा आरामात. ती म्हणाली, बसते जरा.

तपासण्यांना तीन-चार तास लागतात. तेवढ्या वेळात मी पुण्याला फोन केला आणि जुनी यादी परत आणायला सांगितली. तिकडचे म्हणाले, पण मग दुबार नावं परत येतील. मी म्हटलं, येऊ द्या. एका माणसाला तीनदा फोन गेलेला परवडतो, तिघांमधल्या दोघांना कधीच न गेलेला परवडत नाही. त्यानंतर मी चाचांच्या शेजारी खुर्ची ओढली आणि पहिल्यांदाच, भांडण न करता, विचारलं की तुम्ही माणूस ओळखता कसा. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. वय, वडलांचं नाव, कोणत्या शिबिरात आले, सोबत कोण होतं. हे काम मी दीड वर्षापूर्वी, नियम लिहायच्या आधी करायला हवं होतं. उदगीरचा तो माणूस मध्येच येऊन काचेतून आत बघून जायचा. मी त्याला चहा दिला, तो तसाच गार झाला.

पाचला पिशवी द्यायला मोकळी झाली. सगळ्या तपासण्या स्वच्छ, त्या बाईच्या रक्ताशी जुळणीही बरोबर. चाचांनी बर्फाच्या डब्यात ठेवून दिली आणि तो माणूस डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून अक्षरशः पळाला. मला वाटलं आता हे दोघं उठतील. भाऊ उठलाही, गाडीला किक मारून आला. ही मात्र बाकावरून हलेना. तो डबा गेला त्या दाराकडं बघत बसलेली.

साडेसहाला दवाखान्यातून फोन आला. मुलगी झाली होती. आईला रक्तस्राव बराच झाला, तिसरी पिशवीही लागली, पण आता दोघी ठीक होत्या. चाचांनी दोन्ही हात वर करून अल्लाचे आभार मानले. मला रडू आवरेना आणि मी आवरलंही नाही. भर काउंटरवर ढसाढसा रडले आणि मग हसले, इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. तशीच जाऊन मी त्या मुलीला सांगितलं, "तुझी पिशवी लागली गं. दोघी वाचल्या."

"माझीच दिली?" तिनं विचारलं.

"तुझीच."

"म्हंजे माझं रक्त चांगलं हाय?"

मी म्हटलं, चांगलं नसतं तर दिलं असतं का? तेव्हा तिनं भाऊ बाहेर आहे ना ते पाहिलं आणि हळू आवाजात सांगितलं. ती दोनदा रक्त देऊन गेली होती. दुसऱ्या वेळेनंतर भावाला फोन येत राहिले, तिला बोलावणं कधीच आलं नाही. भावाला एकदा विचारलं, तर तो म्हणाला, तुझं नाव न्हाई म्हणे त्यांच्या यादीत. तिनं समजायचं ते समजून घेतलं. तपासणीत काहीतरी वाईट निघालं असणार, म्हणून गुपचूप काढून टाकलं. कुणाला विचारायची हिंमत झाली नाही. आईलाही नाही.

"नाव मी काढलं होतं," मी म्हणाले. "तुझ्या रक्तात काही नव्हतं. माझी चूक झाली. तुझा आणि दादाचा नंबर एक, म्हणून माणूसही एक धरला मी."

ती रागावेल असं वाटलं, रागावली असती तर बरं झालं असतं. पण तिच्या चेहऱ्यावरून कसलं तरी ओझं उतरताना मला स्पष्ट दिसलं. तिनं ओढणीनं तोंड पुसलं.

"दादाला लहान पोरगी हाय," ती म्हणाली. "दीड वर्ष झालं, मी तिला उचलून घेतलं न्हाई. तिला काई होईल म्हणून. वहिनीला वाटतंय मी जळते."

बाहेर भावानं हॉर्न दिला. ती उठली, चप्पल घातली आणि दारात थांबून म्हणाली, "आता ती झोपायच्या आत घरी जायला पायजे."